मॅडमचा हळदीवरचा पेपर

"कशावरून?" हा मॅडमचा ठरलेला प्रश्न. शिपाई म्हणाला, एसटी उशिरा आहे, "कशावरून?" कॅन्टीनवाला म्हणाला, दूध ताजं आहे, "कशावरून?" विचारताना चष्मा कपाळावर चढायचा आणि समोरचा खरं बोलत असला तरी चाचरायला लागायचा. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आमच्या सांगलीच्या कॉलेजात या एकट्याच होत्या आणि तेवढ्या पुरे होत्या.

मी तिथली ग्रंथपाल. कोणाचे किती शोधनिबंध छापून आले आणि इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, याचा तक्ता दरवर्षी माझ्याकडून जायचा. बऱ्याच जणांचा आकडा मित्रमंडळी एकमेकांत वाढवून घ्यायची. मॅडमचा थायलंड, व्हिएतनाम असा कुठून कुठून वाढायचा.

त्यांचं काम हळदीच्या डीएनएवर. पांढरा कोट कायम हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा. सांगलीजवळच्या एका गावच्या देशी हळदीत त्यांना कंदकुजीच्या रोगाला दाद न देणारं जनुक सापडलं. त्या पेपरचे उल्लेख बाकी सगळ्या विभागाच्या उल्लेखांहून जास्त झाले.

मग दक्षिणेकडच्या एका संशोधकाची ईमेल आली. त्या गावची हळद आणून लावली, वर्ष गेलं, जनुक काही सापडत नाही. मॅडमनी त्याला उलट काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, "चला, तुमच्या ओळखीचं गाव आहे ना?"

ज्यांच्या रानातून नमुने घेतले होते, ते दादा ओट्यावर बसले होते. मॅडमनी पुन्हा विचारलं, बेणं, म्हणजे लावलेले कंद, कुठलं?

"आमच्याच गावचं की. मागं सांगितलंय तुमास्नी."

आतून त्यांच्या कारभारीण बाहेर आल्या. "आवं, कसलं गावचं? लग्नानंतर म्या म्हायेरास्नं आणल्यालं. वाईकडचं हाय त्ये. ह्यांच्या गावच्या हळदीला काय धरलंय?"

"मग दादा, तेव्हा का नाही सांगितलंत?"

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कॉलेजच्या बाई कागदावर गावाचं नाव लिवणार. तितं सासरवाडीचं नाव कोन सांगतंय व्हय?"

मला हसू आवरेना. मॅडमही हसल्या, पण गाडीत बसताच त्यांनी नमुन्यांची वही उघडली. त्या स्वतः वाईच्या. आपल्याच तालुक्यातली हळद त्यांनी दुसऱ्या गावाच्या नावावर जगभर पाठवली होती.

तेव्हा त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि अर्जात तोच पेपर पहिला होता. विभागप्रमुख समजुतीने म्हणाले, "मॅडम, चूक कळवायचीच आहे, पण मुलाखत होऊ द्या. महिन्या-दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"लागवड तोंडावर आलीय सर. आणखी कोणी त्या गावची हळद लावून बसेल. त्याचं वर्ष गेलं की भरून कोण देणार? तुम्ही?"

दादांच्या रानातल्या बेण्याचे आणि दोन्ही गावांच्या हळदीचे डीएनए त्यांनी ताबडतोब तपासले आणि दुरुस्ती त्याच नियतकालिकाकडे पाठवली. तिच्यात बेण्याचं खरं गाव होतं आणि आभारात त्या कारभारणीचं माहेरच्या आडनावासकट नाव. मुलाखतीत सगळा वेळ त्या दुरुस्तीवरच गेला. पद दुसऱ्याला मिळालं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी वर्ग घेतला.

पुढच्या हंगामात त्या दक्षिणेकडच्या संशोधकाने वाईचं बेणं लावलं. जनुक सापडलं. त्याने आपल्या पेपरात मॅडमच्या दुरुस्तीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात केला आणि त्याच्या मागून बाकीचे आले. दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीला इतके उल्लेख मिळालेले मी नोकरीत पाहिलेले नाहीत. मॅडमना प्राध्यापकपद मिळालं, पण निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना.

आता त्या वाईला असतात. त्यांच्या निरोपसमारंभाला प्राचार्यांनी एकूण उल्लेखांचा आकडा मोठ्याने वाचला. टाळ्या सुरू झाल्या, तशा मॅडम हात वर करून उठल्या.

"थांबा सर. त्यात चुकीच्या पेपरचेही धरलेत. ते वजा करा."

टाळ्या थांबल्या. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या रांगेतून उभी राहिले.

"ते वगळूनच आकडा दिलाय, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खाली बसल्या. मग टाळ्या होऊ दिल्या.