रंगवलेल्या पोफळी आणि माझा ब्लॉग

माझ्या अशिलाचं गुपित मी स्वतःच्या हातांनी टाइप केलं आणि 'पब्लिश'चं बटण दाबलं. मग नवऱ्याला चहा टाकायला सांगून कमेंट किती येतात ते बघत बसले. तेव्हा माझं वय चौपन्न. लहानपणी वेडेपणा करायचा माझा राहून गेला होता.

केस वाटपाच्या दाव्याची. म्हणजे सामाईक मालमत्तेतला आपला हिस्सा वेगळा करून मागायचा. माझ्या अशील सुमनवहिनी, विधवा. हरिहरेश्वरजवळ पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी. दिराने कोर्टाची वाट न बघता झाडांना ऑइल पेंट फासला होता. स्वतःची निळी, वहिनीची लाल. लाल शोधावी लागत.

दाव्यात आम्ही निम्मी वाडी मागितली होती. पण एका दुपारी ऑफिसात वहिनी म्हणाल्या, "घरामागचा तुकडा नि विहीर दिली तरी मी सही करीन. दमले हो मी."

असलं वाक्य वकिलाने गिळायचं असतं. मी त्यावर लेख लिहिला. शीर्षक, 'दमलेली वाघीण'. नावं बदलली. वाडी उचलून उरणला मिठागरांशेजारी ठेवली. तिथे पोफळी कशा जगतील याचा विचार केला नाही. रंग तेवढे ठेवले. इतका सुंदर तपशील कोण सोडतं?

गंमत म्हणजे महिनाभर आधीच माझी ज्युनिअर सायली बार रूममध्ये एक कागद घेऊन आली होती. तालुक्यात ब्लॉग लिहिणारे आम्ही चार वकील. चौघांनी आपणहून पाळायच्या गोष्टी तिने लिहिल्या होत्या. चालू केसवर लिहायचं नाही. अशिलाला विचारायचं. छापण्याआधी दुसऱ्या एका वकिलाला दाखवायचं. तिघांनी सह्या केल्या.

"सक्ती नाही, शिक्षा नाही, मग हे कशाला गं?" मी म्हटलं. "अक्कल असलेल्याला नियम लागत नाहीत, नसलेला पाळत नाही."

"मॅडम, दुसऱ्याने नुसतं वाचलं तरी..."

"माझं लिखाण तू तपासणार?"

सायलीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तडजोडीची बैठक आली. समोर दीर आणि त्यांचे कर्णिक वकील. मी घसा साफ करून म्हटलं, "निम्म्याच्या खाली एक झाड घेणार नाही."

दिराने खिशातून मोबाइल काढला. "का हो मॅडम, वाघीण दमली ना?"

मोबाइलवर उघडलेला माझाच लेख माझ्यापुढे आला.

"घरामागचा तुकडा नि विहीर. तुम्हीच लिहिलंय."

"ते उरणचं आहे," मी म्हटलं. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"मग उरणातल्या निळ्या-लाल पोफळी दाखवा. पर्यटक तर माझ्याच वाडीत येऊन फोटो काढतात."

कर्णिक वकील खाली बघत फाइलची नाडी सोडत-बांधत राहिले. माझ्या वतीने लाजायला निदान कोणीतरी होतं.

बाहेर येऊन वहिनींना सगळं खरं सांगितलं आणि केस सोडली. वकीलपत्र सायलीने घेतलं. ती पुष्कळ झगडली, पण दीर हलेना. शेवटी घरामागचा तुकडा, विहीर आणि वर सात झाडं मिळाली. सात झाडं ही सायलीची कमाई. बाकी मी आधीच जाहीर केलं होतं तेवढंच.

अशिलाचं बोलणं फोडू नये हा कायदा तेव्हाही होता, आणि मी तो पाळते आहे अशी माझी ठाम समजूत होती. सायलीने लेख वाचला असता तर एवढंच विचारलं असतं, "मॅडम, अशा रंगवलेल्या पोफळी आणखी कुठे आहेत?" मिनिटभराचं काम. आपण होऊन पाळायचे नियम ज्याला नकोसे वाटतात, त्याच्यासाठीच ते लिहिलेले असतात. कागदावर चौथी सही मी केली. इतकी बारीक, की सायलीने विचारलं, "मॅडम, पेन बदलून देऊ?"

तडजोडीवर सही करून वहिनी कोर्टाच्या पायऱ्या उतरत होत्या. मी पुन्हा माफी मागितली. त्यांनी पदर सावरला नि म्हणाल्या, "राग नाही हो वकीलबाई. पण परत भांडण लागलं ना, तर मी कर्णिकांनाच वकील करीन. त्यांना तुमच्यासारखं छान लिहिता येत नाही."