काकूंच्या हातातला लगाम

माणसांचा मला मनापासून राग आहे आणि तो मी जबलपुरातल्या झाडांवर बसून कमावलेला आहे. झाडं छाटणं हा माझा धंदा. आमच्या चेरीतालच्या घरातले सगळे खमरियाच्या फॅक्टरीत लागले. मी एकटा दोर, पट्टा आणि करवत घेऊन लोकांच्या अंगणांत हिंडतो. पाहुणे आले की भाऊ म्हणतो, "हा हवेत नोकरी करून राहिला." करून राहिलो बाप्पा! पण हवेतून फार छान दिसतं. फांदी कापायला बोलावणाऱ्या बहुतेकांना फांदीशी काही देणंघेणं नसतं. त्यांना शेजाऱ्याचं काहीतरी कापायचं असतं.

मदन महलला एक साहेब होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आवाज मात्र अजून नोकरीत. त्यांच्या अंगणातल्या जांभळीची एक जाडजूड फांदी भिंत ओलांडून शेजारच्या काकूंच्या अंगणावर गेली होती. फांदी जांभळांनी लगडलेली. जांभळं खाली पडत आणि काकू ती वेचत.

"ती फांदी उतरवा," साहेब म्हणाले.

"फळं संपू द्या ना साहेब. महिनाभरानं कापू."

"फळं आहेत म्हणूनच कापायची आहे!"

मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हटलं. एवढा निर्मळ खुनशीपणा रोज पाहायला मिळत नाही.

दोन्ही घरं मराठी. त्या गल्लीचा एक नियम होता, तो मला आधी कळायला हवा होता. एकमेकांना टोचायचं असेल तेव्हा ही दोघं मराठीत भांडत. अब्रू काढायची असेल तेव्हा हिंदीत, म्हणजे सगळ्या गल्लीला समजेल. गेल्या वर्षी साहेबांनी फाटकात उभं राहून, खणखणीत हिंदीत, काकूंना जांभूळचोर म्हटलं होतं. तेव्हापासून काकू त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आता आमचं काम सांगतो. फांदी नुसती कापून टाकत नाहीत. एक मोठा दोर वरच्या दुबेळक्यातून फांदीला बांधतात. त्याचं दुसरं टोक खाली जोडीदार बुंध्याला वेढे देऊन धरतो. पण फांदी सुटली की झोका घेऊन बुंध्याकडे येते आणि बुंध्याशी बसलेलो असतो मी. म्हणून फांदीला बांधलेला दुसरा दोर, आम्ही त्याला लगाम म्हणतो, समोरच्या बाजूनं ओढून धरावा लागतो. समोरची बाजू म्हणजे काकूंचं अंगण.

मी लगाम भिंतीपलीकडे टाकला आणि तो तिकडे बांधून यायला जोडीदाराला पाठवलं. काकू फाटकात आडव्या.

"त्याच्या घरून आलेला माणूस माह्या अंगणात पाय ठेवणार नाही."

"दीदी, हम तो मजूर हैं," जोडीदार म्हणाला.

"मजूर असशील तर तिकडेच राह्य." मग मान वर करून मला म्हणाल्या, "काहून रे, काय धरायचं आहे? मी धरते. जन्मभर विहिरीचं पाणी ओढलं आहे."

आमच्या धंद्यात लगाम परक्या हातात कधी देत नाहीत. पण काकूंनी हातपंपाला असा घट्ट वेढा दिला की मी वरून वाहवा केली आणि करवत चालवली. कडकड झालं, फांदी सुटली, हिसका बसला आणि ती मधोमध लटकली: मोठ्या दोरावर पानं, जांभळं आणि मुंग्यांसकट. सुंदर दृश्य! काकूंनी लगाम सोडला तर ती सगळी थेट माझ्या नडग्यांवर येणार होती.

"आता हळूहळू आमच्याकडे सोडायला सांगा त्यांना," साहेब मला म्हणाले.

"काहून सोडू?" काकू मला म्हणाल्या. "त्याले विचार, माह्या अंगणात पडलेलं जांभूळ कोणाचं?"

"सांगा त्यांना, झाड आमचं आहे."

"मग मी सोडते एकदम."

"काकू!" मी ओरडलो. "मध्ये मी आहे!"

"दिसून राहिलं. तू काहून त्याचं काम घेतलं?"

कमरेचा पट्टा बुंध्याला बांधलेला; पळायला जागा नाही. काकूंनी लगाम वीतभर सैल केला. फांदी डोलली आणि एक फाटा माझ्या बुटाला चाटून गेला. खाली जोडीदार देवाचं नाव घेऊ लागला. गल्लीतल्या बायका पोळ्या टाकून बाहेर आल्या.

"साहेब, म्हणून टाका!" मी विनवलं. "तुमचं काय जातं?"

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. खरंच विचार केला हो त्यांनी! माझ्या दोन नडग्या एका पारड्यात, मूठभर जांभळं दुसऱ्यात. शेवटी दातांतून बोलले, "बरं. तुमच्या अंगणात पडेल ते तुमचं."

"हिंदीत," काकू म्हणाल्या.

"काय?"

"चोर हिंदीत म्हटलं होतं. हेही हिंदीत. जोरानं."

लगाम आणखी सैल झाला. मी वर इतका किंचाळलो की साहेब दचकले आणि त्या दचक्यातच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जो आपके आँगन में गिरे, वो आपका!"

गल्लीभर "अच्छा जी!" असा आवाज उठला. काकूंनी दोर आपल्याकडे ओढला, जोडीदारानं मोठा दोर ढिला सोडला आणि फांदी डौलात भिंतीपलीकडे, काकूंच्या अंगणात उतरली.

मी खाली आलो. मोठा दोर जोडीदारानं ओढून घेतला. लगाम मागायला मी काकूंच्या फाटकात गेलो. त्या जांभळं तोडत बसल्या होत्या. जीभ जांभळी झाली होती.

"काकू, माझा दोर."

त्यांनी वर पाहिलं, मग भिंतीपलीकडे उभ्या साहेबांकडे, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा हिंदीत विचारलं, "भैया, अभी साहब ने क्या कहा था?"

आजही मदन महलला काम निघालं की मी त्या घरावरून जातो. काकूंची लुगडी त्या दोरावर वाळत असतात. गाठ माझीच आहे, त्यांनी त्याच दिवशी बांधून घेतली; सुटायची नाही.