भिंतीला पाठ

दामूभाऊजी रोज दुपारी जेवण झालं की धरणाच्या भिंतीला पाठ टेकून झोपत. भिंत मातीची. पलीकडे पाणी, अलीकडे भाऊजींचं घोरणं. कोणी बघायला आलं की घोरणं वाढायचं.

ते माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ. दिंडोरीजवळ एकाच ओहोळाला लागून आमची शेतं, त्यांचं वर, माझं खाली. द्राक्षांना कंटाळून त्यांनी ओहोळ अडवला आणि नाशिकच्या लोकांसाठी बोटिंग सुरू केलं. बोटी बदकाच्या आकाराच्या. एका बदकाची मान मोडली होती, ती सुतळीने बांधली होती. भिंतीच्या पायथ्याला टेबलं मांडून मिसळ विकत.

मी म्हणायचे, "भाऊजी, जादा पाणी जायला बाजूने सांडवा बांधा. खाली माझं घर आहे."

"वहिनी, तुमचा इस्वासच नाय. भिंत माझ्या हातची हाय."

"म्हणूनच म्हणते. गोठाही तुमच्याच हातचा होता. दोनदा पडला."

मग निरोप आला की धरणाचा वर्ग ठरवायला सरकारी इंजिनिअर येणार. धोक्याचा वर्ग लागला तर सांडवा होईपर्यंत बोटी बंद. भाऊजींना जेवण गोड लागेना. दोन दिवसांनी त्यांना युक्ती सुचली. लोकांचा धरणावर किती भरवसा आहे, ते दाखवायचं!

त्या दिवशी त्यांनी गावजेवण घातलं. भिंतीखाली लांबलचक पंगत. भाऊजी ओरडत फिरत होते, "पाठ टेका रे! नीट टेका, दिसू द्या!" मीही गेले, बुंदी होती म्हणून. पण बसले भिंतीकडे तोंड करून.

"वहिनी, फिरून बसा ना!"

"पाणी आलं तर मला आधी दिसू दे."

इंजिनिअर बाई आल्या आणि पंगत बघून थबकल्या. "इथे इतकी माणसं नेहमी असतात?"

"रोज!" भाऊजी फुलले. "रविवारी तर उभं राहायला जागा नसते, मॅडम."

बाईंनी सगळ्यात धोक्याचा वर्ग लावला. शांतपणे सांगितलं, "भिंत किती पक्की, यावर वर्ग ठरत नाही. ती फुटली तर खाली किती माणसं सापडतील, यावर ठरतो. या वहिनींचं एकच घर असतं, तर मधला लागला असता."

"म्हंजे जेवायला बोलावलं, तिथं चुकलं?"

"जेवण छान होतं," बाई म्हणाल्या.

बोटी बंद झाल्या. भाऊजींनी चिडचिड करत दगडी सांडवा बांधला. माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, जसं काही बुंदी मी तळली होती. पुढच्या पावसाळ्यात ओहोळ चढला. पाणी सांडव्याने धो धो गेलं. माझा उंबरा कोरडा राहिला. सकाळी भाऊजी भिजलेले दारात. "बघा वहिनी! हलली का भिंत? सांडवा उगाच बांधायला लावला!"

मी चहा पुढे केला.

बोटिंग पुन्हा चालू झालं, बरीच वर्षं चाललं. एका दुपारी बघणारे आले आणि भाऊजींचं घोरणं काही वाढेना. तेव्हा कळलं.

तेराव्याची पंगत मुलाने तिथेच घातली. सगळे भिंतीला टेकून बसले. मुलगा म्हणाला, "काकू, आज तरी पाठ टेका."

मी सांडव्याच्या दगडाला टेकून बसले. दगड चांगले बसवले होते भाऊजींनी.