बशीतली गोळी

मंडळी, आज दुपारी मी पेशंट झाले होते. कॉव्हेंट्रीच्या माझ्या घरात वरच्या खोलीत राहणाऱ्या नागपूरच्या ऋताचा उद्या हॉस्पिटल फार्मसिस्टचा इंटरव्ह्यू आहे. तिथे एखाद्या पेशंटची केस देतात आणि आता काय कराल, असं विचारतात म्हणे. तिने मला कार्डच लिहून दिलं: बहात्तर वर्षांच्या बाई, ब्लडप्रेशर वाढलेलं, रोज सकाळी एक गोळी.

पोरगी लगेच डोस वाढवायला निघाली. म्हटलं, "अगं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधीची गोळी बाई रोज घेते का, ते तरी विचार."

"मावशी, मोठ्या माणसांना असं कसं विचारू? उलटतपासणी वाटते."

"उद्या पॅनेललाही हेच सांगणार का? विचार."

तिने पेन उचललं. "गोळी कधी चुकते का हो?"

याचं उत्तर कार्डावर नव्हतं. मी आपली खरं बोलून गेले. "चुकते गं. हे होते तेव्हा चहाच्या बशीत ठेवायचे. आता एकटीसाठी बशी कोण काढतंय?"

"आजची घेतली?"

मी कार्ड उलटं करून बघायला लागले.

ऋता उठली, चहा केला आणि कप बशीत ठेवून आणला. कपाशेजारी माझी गोळी होती.

ती पास व्हावी असं अगदी मनापासून वाटतं. नोकरी इथून लांब, ब्रॅकनेलच्या बाजूला आहे, म्हणजे खोली रिकामी होणार. बशी मात्र आज धुतली, पण वर ठेवली नाही; उद्यासाठी ओट्यावरच राहू दिली.

तुम्हाला कोण विचारतं हो, गोळी घेतली का?