गव्हर्नरच्या बंगल्याची मागची बाजू

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळपासून गोठ्यातलं शेण काढत होते. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, ओट्यावर येऊन म्हणाल्या की आज बंगला दाखव. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेलाय. दुसराही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी फावडं ठेवलं, हात धुतले आणि गाडी काढली.

बंगला म्हणजे गणेशखिंडीतला. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात तिथे राहायचा. इंग्रज गेल्यावर तिथे विद्यापीठ आलं. आत्यांचे वडील गव्हर्नरच्या घोड्यांसाठी नेरे गावाहून बैलगाडीने ओलं गवत न्यायचे आणि पाच-सहा वर्षांच्या आत्या भाऱ्यांवर बसून जायच्या.

मला ती इमारत चांगली ठाऊक होती. लग्नानंतर आत्यांनीच मला बी.ए.ला बसवलं होतं. फॉर्म भरायला मी तिथेच जायचे. म्हणून त्यांना थेट समोर नेलं. हा मनोरा, इथे साहेब आला की झेंडा चढायचा, आत नाचाचं दालन, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे सायबाचं झालं. आमचं मागं हाय."

मागे आता गाड्या लावतात. एका वडापाशी थांबून त्यांनी खोड चाचपलं. इथे फाटक होतं म्हणाल्या, पास दाखवावा लागायचा. एकदा वडिलांनी तो उलटा धरला. पहारेकरी हसला, चार जणांना बोलावून त्याने ते दाखवलं आणि वडिलांना भर पावसात उभं करून ठेवलं. तीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"म्हणून तुला शिकाय धाडली. हितंच. कागद सरळ धरून यायला."

मग पदवी मिळाली त्या दिवशी का आला नाहीत, मी विचारलं.

"म्हशीची धार कुणी काढली असती?"

परतताना हिंजवडीच्या गर्दीत तासभर अडकलो. आत्या झोपल्या. पाया वगैरे मी पडले नाही, आमच्यात तसं नसतं. पण माझं वाचणं-लिहिणं त्यांचं आहे, आणि हे कबूल करायला मी फार वर्षं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा आटोपून मी पेपर घेऊन त्यांच्या खाटेवर बसले आणि मोठ्याने वाचला. आधी निधनवार्ता, त्यांना त्याच लागतात.