शेंदूर पुसणारा लटारू

लटारू रस्ते खात्यातला मैलकामगार. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, मैलाचे दगड रंगवायचे, हे त्याचं काम. पण पोंभुर्ण्याकडच्या कोसंबघाटाबद्दल तो असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, घाट यानेच पाळण्यात घालून वाढवला.

शहाण्णव साली त्या रस्त्याला राज्यमार्गाचा नंबर मिळाला आणि उताराच्या तोंडाशी बोर्ड आला: लाल काठाचा त्रिकोण, त्यात उतारावरून खाली येणारी काळी गाडी. खांबासाठी खड्डा लटारूनेच खोदला होता. आधी दर उन्हाळ्यात बांबूचा एखादा ट्रक वळणावर उलटायचाच. त्या उन्हाळ्यात एकही उलटला नाही. झालं! गावाने ठरवलं, घाटावर देव बसला.

आधी खांबाशी नारळ फुटले, मग शेंदूर लागला, आणि हळूहळू वर चढला. लटारूची छाती फुगली. आपण रोवलेल्या खांबाला लोक नवस बोलतात, असं भाग्य खात्यात दुसऱ्या कोणाचं? त्याची बायको भागीरथा तर पोटुशी लेक साधना माहेरी आल्यापासून रोज शेंदूर लावून यायची. होळीपर्यंत त्रिकोणातली गाडी पार दिसेनाशी झाली.

मग परमुलखातला एक ट्रक भरधाव आला आणि वळणावर आडवा झाला. ड्रायव्हर वाचला. फुटलेल्या डोक्याला रुमाल बांधत त्याने एवढंच विचारलं, "उतार का बोर्ड नहीं था क्या, भाऊ?" लटारूला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या सकाळी तो रॉकेल आणि चिंधी घेऊन शिडीवर चढला. खाली गाव जमलं.

"देव पुसून राह्यले का जी?" भागीरथा कळवळली. "पोरीचे दिवस भरत आले. काई झालं त मी कोनाले तोंड दाखवू?"

देवाला लटारूही भीत होताच. "देव असन त समजून घेईन," तो म्हणाला. "ड्रायव्हरले दिसलं पाह्यजे." आणि पुसतच राहिला. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. घरात भागीरथा ताट आदळून वाढू लागली.

साधनाला कळा सुरू झाल्या, तेव्हा लटारू बोर्डाच्या अलीकडेच गवत कापत होता. चंद्रपूरच्या कय्यूमची जीप पलीकडच्या रस्त्याने गावात भाडं सोडायला आली होती, तीच दवाखान्यासाठी मिळाली. कय्यूमला हा घाट ठाऊक नव्हता. जीप वेगात आली. पुढे भागीरथा, मागे कण्हणारी लेक. लटारू ओरडेपर्यंत जीप पुढे निघून गेली. तेवढ्यात कय्यूमची मान बोर्डाकडे वळली. ब्रेक लागला, गिअर पडल्याचा घरघराट झाला आणि जीप मुंगीच्या पावलांनी वळण उतरली.

नात घेऊन परतताना भागीरथाने बोर्डाशी जीप थांबवली. गाव जमलंच होतं. शेजारच्या सुकरीने शेंदराचं बोट वर नेलं, तसा भागीरथाने तिचा हात धरला.

"खाली लाव, बाई. वरतं नाई. मी पुढच्या सीटवर होती. त्या ड्रायव्हरनं हे बोर्डावरची गाडी पाह्यली, तवाच गिअर बदलला." मग सगळ्या गावाकडे वळून ती ठणकावून म्हणाली, "आन् हे आमच्या बुढ्यानं पुसली होती!"