चोरीचा मान

मुलीच्या प्रोजेक्टसाठी घरात एक चोर नेमायचा होता. तो मान माझ्या धाकट्या भावाला मिळाला आणि माझ्या घशाखाली घास उतरेना.

दिपाली माझी एकुलती एक. कल्याणच्या कॉलेजात फौजदारी न्याय आणि कॉम्प्युटर असं जोडीनं शिकते. (एका विषयात चोर कसा पकडायचा ते शिकतात, दुसऱ्यात कुठलं बटण दाबून पकडायचा ते, असं मी समजून घेतलंय.) शहापूरजवळच्या आमच्या गावी ती आली आणि तिनं घरातल्या सगळ्यांच्या चपलांचे ठसे कॉम्प्युटरात भरले. खुराड्यापुढे राख पसरायची, चोरानं कोंबडा पळवायचा आणि राखेतल्या पावलांवरून कॉम्प्युटरनं चोर ओळखायचा! वर्षभराचे मार्क त्यावर होते.

"चोर दामूकाका," ती म्हणाली.

"आन् मी?"

"बाबा, तुमी पंच. पंचनाम्यावर सही करायची."

सही! फी मी भरायची, स्टेशनला सोडायला मी जायचं, आणि चोर दामू? तिला सायकलही त्यानंच शिकवली होती. तेव्हाही मी मागं पंप घेऊन उभा!

"मला का नाय?"

बायको मंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, तुमी कोंबड्याला आधी विचाराल, 'येतोस का रे?'"

दामू तर लग्न ठरल्यासारखा फिरत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची दिपाली म्हनली, काका, तुमच्याशिवाय नाय जमणार." मला म्हणाला, "दादा, कुलपं नीट लाव हां!"

रविवारी दुपारी चोरीची वेळ झाली. दिपाली मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसली. आणि चोर? चोर मटण हाणून ओटीवर घोरत होता! त्याला उठवणं माझं कर्तव्य होतं. मी वाकलोही. पण हात काही त्याच्या खांद्यापर्यंत गेला नाही.

दारातल्या चपला पायात सरकवल्या, राखेवरून गेलो आणि कोंबडा उचलला. त्यानं मनगटाला चोच मारली. (आयुष्यातली पहिली चोरी, तीही रक्त सांडून!) पेंढ्यामागे टोपलीखाली त्याला कोंडलं आणि अंगणात येऊन पेपर धरला. आता स्क्रीनवर माझं नाव येणार आणि लेक म्हणणार, "बाबा, तुमी?"

दिपालीनं फोटो काढले, बटणं दाबली. स्क्रीनवर नाव आलं: दामोदर!

मी खाली पाहिलं. माझ्या पायात दामूच्या चपला होत्या.

आरडाओरड्यानं दामू जागा झाला. "पकडला? मला?" क्षणभर त्यानं डोळे मिचकावले. मग उठून छातीच काढली! "असा गेलो, असा आलो! पानसुद्धा हाललं नाय!"

माझी चोरी! माझ्या डोळ्यांदेखत चोरली!

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडलो. "कोंबडा मी चोरला!"

मंदाला असं हसू फुटलं की तिला खांब धरावा लागला.

"चपला त्याच्या होत्या, पाय माझे होते! चला, मुद्देमाल दाखवतो!"

वरात पेंढ्यामागे गेली. टोपली उलटी पडलेली. कोंबडा दुसऱ्या बाजूनं अंगणात शिरून निवांत दाणे टिपत होता. मी मनगट पुढे केलं.

"त्यो तर रोजच चावतो तुमाला," मंदा म्हणाली.

दिपालीचा चेहरा उतरला. "बाबा, तुमी खरं बोलताय म्हंजे माझा प्रोग्राम चुकला?"

हेव्यापायी लेकीचं वर्ष बुडवलं! मी काही बोलणार तोच तिचे डोळे चमकले. तिनं मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला.

"बाबा, परत बोला! न केलेला गुन्हा लोक का कबूल करतात, हा धडाच हाय आमाला. कुणीतरी आपल्याकडं बघावं म्हनून पण करतात!"

मी परत बोललो. अगदी मनापासून.

तिला उत्तम मार्क पडले. प्रोजेक्टात दामूला एक ओळ आहे. मला चार पानं, फोटोसकट, 'खोटी कबुली' या मथळ्याखाली.

दामूनं ती पानं पाहिली आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. परवा माझ्यासमोरच त्यानं तिला स्पीकरवर फोन लावला. "दिपे, खरं सांगू का? त्या दिवशी मी झोपलो होतो गो. चोरी दादानंच केली."

"काका, तुमी पण ना!" ती हसली. "बाबांना बरं वाटावं म्हनून सांगताय ना? बाबांना विचारू का?"

दामूनं फोन माझ्या हातात दिला. 'खरं सांगतोय तो' एवढंच बोलायचं होतं हो. पण मग माझी चार पानं गेली असती ना!